हँडल सरळच राहतंय

"अरे, हँडल जरा सरळच राहतंय बघ," बाबा फोनवर म्हणाले.

"मग चांगलंच आहे की बाबा! वाकडं राहिलं असतं तर प्रॉब्लेम होता."

मी हसलो. तेही हसले. मग आईने फोन घेतला, मी या शनिवारी सांगलीला येणार की नाही यावर चर्चा झाली, आणि विषय संपला.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, युजरने बग सांगितला आणि डेव्हलपरने 'इथे होत नाही' असं लिहून तिकीट बंद करून टाकलं. फरक एवढाच की डेव्हलपर निदान एकदा चालवून तरी बघतो. मी तेवढंही केलं नाही. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी बाबा सायकलवरून पडले.

आधी सायकलबद्दल सांगतो. काळी, बावीस इंची, मधल्या दांडीची, सळईच्या ब्रेकची साधी लोखंडी सायकल. बाबांनी १९८४ साली घेतलेली. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून चालत पाच-सात मिनिटांवर. बाबांची नोकरी, मंडई, मला बालवाडीत सोडणं, सगळं या सायकलवर झालं. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी एक फेरी ठरलेली: गणपती मंदिर, तिथून आयर्विन पुलावरून सांगलीवाडी, तिथे एक चहा आणि परत. वय वर्षं अडुसष्ट.

आयर्विन पूल १९२९ सालचा. पण सांगलीकरांसाठी तो पूल कमी आणि मोजपट्टी जास्त. पावसाळ्यात आमच्याकडे "जेवलास का?" च्या आधी "आयर्विनला किती झालं?" हा प्रश्न येतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर कमरेच्या वर पाणी होतं आणि सायकल खालच्या बोळातच राहिली होती. माणसं आणि गॅस सिलिंडर वर नेण्याच्या गडबडीत तिच्याकडे कोण बघणार?

मी तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर सायकल भिंतीला टेकून उभी, आणि तिच्यावर काळ्या गाळाचा असा थर की ती मातीचीच केली असावी. बाबा तिच्याकडे बघून काही बोलले नाहीत. मग मी पहिल्या पगारांतून तिचा कायापालट करायचा विडा उचलला. नवे टायर, नव्या ट्यूब, नवी चेन, नवी सीट, चकचकीत काळा रंग, त्यावर सोनेरी रेघा. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढून सगळ्यांना पाठवले. भरपूर अंगठे मिळाले. २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला तेव्हा तर फ्रिजच्या आधी सायकल वर चढवली.

या सगळ्यात एक गोष्ट मी केली नव्हती. हँडलचा भाग उघडला नव्हता. बाहेरून तर छानच दिसत होता ना! आणि गंमत म्हणजे मी वालचंदचा मेकॅनिकल इंजिनियर. बेअरिंगवरचे प्रश्न पानंच्या पानं भरून सोडवलेले. नंतर आयटीत गेलो आणि बेअरिंगचा संबंध फक्त ऑफिसच्या फिरत्या खुर्चीपुरता राहिला.

तर बाबा पडले. फार वेगात नाही, उलट अगदी हळू. पुलावरून परत येताना समोर एक कुत्रं आलं, त्यांनी वेग कमी केला, जरा वळायला गेले आणि सायकलसकट डावीकडे आडवे झाले. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. लोकांनी उचललं, रिक्षात घातलं, घरी आणलं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांची तपासणी सुरू केली. 'तोल गेला' असं ते स्वतःच म्हणाले होते, त्यामुळे तोल तपासायला घेतला. शुगर झाली, बी-१२ झालं, डोळे झाले, कानाचे डॉक्टर झाले. सगळं ठीक. तरी निष्कर्ष ठरलेलाच होता, वय झालं. आई म्हणाली, आता सायकल बंद. ताई म्हणाली, बंद. मीही साताऱ्याहून फोनवर म्हणालो, "बाबा, आता बास झालं. सकाळी चालायला जात जा." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. ते इतक्या पटकन 'बरं' म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. आणि आईचं म्हणणं, तेव्हापासून ते चालायलाही जाईनात. पेपर संपला की टीव्ही, टीव्ही संपला की झोप.

प्लास्टर निघाल्यावरच्या शनिवारी मी सांगलीला गेलो. (मी सध्या साताऱ्यात राहतो. बायकोची नोकरी तिथे, माझं ऑफिस पुण्यात, आठवड्यातून दोन दिवस तोंड दाखवायला जावं लागतं. सातारा ते सांगली थेट रेल्वे आहे, हे त्यातल्या त्यात सुख.) कामगिरी एकच होती: सायकल भंगारात घालून यायची. ती डोळ्यांसमोर राहिली तर बाबा एखाद्या सकाळी गुपचूप घेऊन जातील अशी आईला धास्ती.

बाबांनी किल्ली दिली. "टायर चांगले आहेत, निदान ते कुणाला तरी दे," म्हणाले आणि आत गेले.

भंगारवाला लांब होता म्हणून मी सायकल चालवतच निघालो. आणि मंडळी, पहिल्या पन्नास फुटांतच माझी वरात निघाली. सायकल सरळ जाईना! म्हणजे हँडल सरळ होतं, अगदी सरळ, पण सायकल मात्र दारू प्यायल्यासारखी डावीकडे, उजवीकडे. जरा वळवायला गेलं की आधी अडायचं, मग जोर लावला की एकदम सुटायचं. शेवटी एका दुचाकीच्या आरशाला धक्का देऊन, शिव्या खाऊन मी खाली उतरलो. मी अठ्ठावीस वर्षांचा, दर रविवारी घाट चढणारा माणूस. माझं काही वय झालं नव्हतं.

तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून मला ते फोनवरचं वाक्य आठवलं. हँडल सरळच राहतंय. बाबांनी अगदी नेमका बग सांगितला होता. याहून नेमका सांगताच आला नसता.

कसं ते सांगतो. सायकल सरळ चालते म्हणजे हँडल सरळ धरलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. सायकल सतत इकडे-तिकडे कलत असते. डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळतं, चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. मग उजवीकडे. हे इतकं बारीक आणि इतक्या वेळा चालतं की आपल्याला कळतही नाही. वेग कमी असला की हँडल जास्त वळवावं लागतं. आता त्याच बारीक वळण्याला अडथळा आला, हँडल मधोमध एखाद्या खाचेत बसायला लागलं, तर? तर सावरायला उशीर होणार, आणि हळू चालवताना सगळ्यात जास्त. कुत्रं आडवं आलं, वेग कमी झाला, बाबा पडले.

सायकल ढकलत घरी आणली. आई दारात. "काय रे, परत आणलीस?"

"तपासायचीय," मी म्हणालो.

तपासायचं कसं हे मला माहीत होतं आणि ते कॉलेजने शिकवलेलं नव्हतं. ते साताऱ्यात शिकलो. वर्षभरापूर्वी माझ्या स्वतःच्या नव्या सायकलवर यवतेश्वरचा घाट उतरत होतो. पुढचा ब्रेक दाबला की हातात खट्ट असा धक्का बसायचा. मी ब्रेकला दोष देत दोनदा ब्रेक पॅड बदलले. शेवटी गावातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझं हॅलोजेनपासून हेल्मेटपर्यंत सगळं नीट बघून घेतलं, आणि म्हणाले, "साहेब, ब्रेकचा काय दोष नाय. मान हलतीय सायकलीची." त्यांनी दोन मिनिटांत मला तीन गोष्टी दाखवल्या. त्या इथे लिहून ठेवतो, कारण सायकल असणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहेत आणि कुठलंही हत्यार लागत नाही.

पहिली: पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि सायकल पुढे-मागे हलवायची. दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या उभ्या आखूड नळीच्या तोंडाशी, वाटीच्या कडेवर ठेवायची. (हीच ती हेड ट्यूब. जिच्यावर कंपनीचा बिल्ला असतो. तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला एकेक स्टीलची वाटी ठोकून बसवलेली असते, वाटीत छर्रे, आणि छर्र्यांवर पुढचा चिमटा फिरतो.) हलतंय का आणि नक्की काय हलतंय, हे बोटाला कळतं. डोळ्याला नाही.

दुसरी: हँडल पूर्ण आडवं वळवून, ब्रेक न दाबता, तसंच पुढे-मागे हलवायचं. आता ब्रेकचा ढिलेपणा बाजूला पडतो. तरीही खडखड असेल तर दुखणं मानेतच. चाक मात्र वेगळं हलवून बघायचं, कारण चाकाच्या आसातला ढिलेपणाही असाच खडखडतो.

तिसरी: पुढचं चाक उचलायचं आणि हँडल एका बोटाने अगदी सावकाश मधून बाजूला न्यायचं. चांगली सायकल असेल तर मान आपोआप एका बाजूला पडते. खराब असेल तर मधोमध अडते, टक्क करून.

साताऱ्यात माझं दुखणं सोपं निघालं होतं. बोल्ट सैल होता, मिस्त्रींनी आवळला, संपलं. इथे सांगलीत मी तिन्ही गोष्टी केल्या आणि तिन्हींत नापास. खालची बाजू हलत होती, आणि चाक उचलल्यावर मान मधोमध अशी अडत होती की जणू तिथे खुंटी मारलीय.

मी आधी सोपा उपाय केला. वरचा नट सैल केला, त्याखालची वाटी आवळली, नट परत बसवला. हलणं कमी झालं. आणि अडणं वाढलं! हे अगदी आमच्या ऑफिससारखं. एक बग काढला की दुसरा मोठा होऊन समोर उभा. आतला पृष्ठभाग खराब असेल तर आवळून काही होत नाही, छर्रे खड्ड्यांत अजून घट्ट बसतात.

म्हणजे उघडणं आलं. अंगणात जुनी चादर, त्यावर आईची मोठी परात. ब्रेकच्या सळया सोडवल्या. हँडलच्या खांबाचा बोल्ट चार आटे सैल करून त्यावर लाकूड ठेवून हातोडीचा एक ठोका दिला, हँडल वर निघालं. मग नट, मग वरची वाटी आणि चिमटा हळूच खाली. परातीत छर्रे टणटण पडतील म्हणून मी तयारीत होतो. एकही पडला नाही. आत ग्रीस नव्हतंच, काळा, सुकलेला, खरवडून काढावा असा गाळ होता. २०१९ सालची कृष्णा, जशीच्या तशी. वरून सोनेरी रेघा मारलेल्या.

एव्हाना बाबा आतून खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले होते. बोलत काही नव्हते. मी डिझेलने खालची वाटी पुसली आणि चौकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"हे तर आप्पेपात्र झालंय," म्हणाले.

खरंच आप्पेपात्र होतं. वाटीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकाशेजारी एक गोल खळगे, प्रत्येकात एक छर्रा बरोबर बसेल असा. हँडल सरळ झालं की सगळे छर्रे आपापल्या खळग्यात.

आता मला आठवलं ते पुस्तकातलं ज्ञान. ब्रिनेल नावाचा एक स्वीडिश इंजिनियर होता. त्याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत दिली, कडक गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. म्हणून बेअरिंगमध्ये असे खड्डे दिसले की लोक म्हणतात, खड्ड्यांतून आपटून आपटून छर्रे रुतले. पण सायकलच्या मानेत बहुतेक वेळा तसं नसतं. यंत्रशास्त्रात याला खोटं ब्रिनेलिंग म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्या कोऱ्या मोटारी रेल्वेने लांब पाठवल्या जायच्या आणि पोचेपर्यंत त्यांच्या चाकांची बेअरिंग खराब झालेली असायची. मोटारी तर एक फूटही चालल्या नव्हत्या! कारण असं की बेअरिंग फिरत राहिलं तर ग्रीस सगळीकडे पसरतं. एकाच जागी उभं राहून नुसतं थरथरत राहिलं तर छर्र्याखालचं ग्रीस बाजूला सरतं, धातू धातूला घासतो आणि तेवढीच जागा कोरली जाते. सायकलचं हँडल बहुतेक वेळ सरळच असतं. आमच्या मानेत तर ग्रीसच्या जागी गाळ होता.

मी हे सगळं बाबांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. तिथून किर्लोस्करवाडीपर्यंत पोचले. तुम्ही मेकॅनिकल शिकून कॉम्प्युटरपर्यंत पोचलात. आता सायकलपर्यंत आलात, हेही नसे थोडके."

(दुकान १८८८ सालचं आणि किर्लोस्करवाडी १९१० ची, तेव्हाच्या औंध संस्थानातली. बाबा हे वर्षांसकट सांगतात, मी लहानपणापासून पाठ केलंय.)

वाट्या बदलायच्या म्हणजे जुन्या ठोकून काढायच्या. आतून सळई घालून वरची वाटी ठोकली, आठ-दहा ठोक्यांत निघाली. खालची वाटी मात्र मी हाताने हलवली आणि ती हातात आली. इथे माझ्या पोटात खड्डा पडला. ती हातात येता कामा नये. ती नळीत इतकी घट्ट हवी की बसवताना दाबूनच बसवावी लागते. म्हणजे झिजली होती ती नुसती वाटी नव्हती, सायकलची हेड ट्यूबच झिजली होती. ढिल्या मानेने वर्षानुवर्षं चालवली की प्रत्येक ब्रेकला वाटी नळीत पुढे-मागे डुलते आणि नळीचं तोंड हळूहळू अंडाकृती करत जाते. व्हर्नियर लावला. बाजूने मोजलं तर एक माप, पुढून-मागे मोजलं तर जवळपास ०.३ मिमी जास्त. तुम्ही म्हणाल, एवढंसं? पण अशा बसणीत दहाव्या हिश्श्यावर हिशेब असतो. ०.३ म्हणजे दरवाजा सताड उघडा.

वाटी बदलता येते. चौकटच झिजली तर? "मग द्यायची का भंगारात?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. तिचं सगळं लक्ष इकडेच होतं.

दुपारी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडे सायकलची चौकट रिक्षात घालून नेली. बाबाही आले. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच आपणहून घराबाहेर पडत होते. मामांनी आधी नळीचा जोड घासून रंग काढला, माझा तो चकचकीत रंग, आणि भिंगाने बघितलं. चीर आहे का? चीर असती तर विषय तिथेच संपला असता. झिजलेली नळी दुरुस्त करता येते. तडकलेली चौकट एक दिवस चालत्या सायकलीखालून निघून जाते. चीर नव्हती.

मी हुशारी दाखवली, "मामा, आतून पितळ भरून परत बोअर करता येईल ना?"

"येईल की. पण हा जोड पण पितळेवरच हाय. इथं आग लावली तर ह्यो सुटंल. मग काय करशीला?"

मी गप्प बसलो.

त्यांनी केलं ते असं. लाकडाचे दोन खाचेचे ठोकळे लावून नळीचं तोंड व्हाइसमध्ये पुढून-मागून थोडं थोडं दाबलं. दाबायचं, सोडायचं, मोजायचं. लोखंड स्प्रिंगसारखं परत येतं, त्यामुळे पाच-सहा वेळा. तोंड बरंचसं गोल झालं. उरलेल्या फटीसाठी पितळेची कागदासारखी पातळ पट्टी वाटीभोवती गुंडाळली, आणि बेअरिंग पक्कं करायला वापरतात ते रिटेनिंग कंपाउंड लावलं. हा द्रव हवेत सुकत नाही, दोन धातूंच्या मध्ये हवा न मिळता कडक होतो. तेलाचा अंश असेल तर धरत नाही, म्हणून आधी दोन्ही पृष्ठभाग पुसून पुसून कोरडे केले. नवी वाटी ठोकली नाही. लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वायसर आणि दोन नट लावून दाबत बसवली, म्हणजे तिरकी जाणार नाही.

"चोवीस तास हात लावायचा नाय," मामा म्हणाले.

इथे एक सूचना. हे लोखंडी चौकटीला चाललं. ॲल्युमिनियमच्या चौकटीची नळी अशी दाबायला जाऊ नका, ती तडकेल. कार्बनची असेल तर घरगुती प्रयोग करूच नका. आणि थंड पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून काम भागवणारे लोक असतात. त्याने घरापर्यंत पोचता येतं, पण तो इलाज नाही.

सोमवारी ऑफिसला घरून काम करतो म्हणून कळवलं. रविवारी संध्याकाळी चोवीस तास भरल्यावर बाबा आणि मी जोडणीला बसलो. नव्या वाट्या, नवे छर्रे. जाळीतले छर्रे न घेता सुटे घेतले, म्हणजे दोन-चार जास्त बसतात आणि भार वाटला जातो. वाटीत ग्रीसचा जाड थर, त्यात बाबांनी एकेक छर्रा चिकटवला. डाव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती. मी म्हणालो, "द्या, मी लावतो." ते म्हणाले, "असू दे, व्यायाम होतोय." शेवटी एका छर्र्याएवढी जागा मोकळी सोडली, ठासून भरले तर छर्रेच एकमेकांना घासतात. वरची वाटी आवळली, किंचित सैल केली, मग नट लावला. नट लावताना सगळं परत जरा आवळलं जातं, म्हणून तीन वेळा काढून-घालून बघावं लागलं.

मग बाबांनी पुढचं चाक उचललं आणि हँडलला एक बोट लावलं. मान आपली आपण बाजूला पडली. टक्क नाही, काही नाही.

आई दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "बोळाच्या टोकापर्यंत. आणि हेल्मेट." हेल्मेट माझं होतं, ते त्यांना जरा मोठं झालं. ते टोकापर्यंत गेले, तिथे वळले (अगदी हळू, आम्ही दोघांनी श्वास रोखला होता) आणि परत आले.

उतरल्यावर मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. त्यांचा तो हक्क होता. ते फक्त म्हणाले, "मला वाटलं, माझाच तोल जायला लागलाय."

हे वाक्य मला अजून जड जातं. सहा आठवडे त्यांनी ते स्वतःशी धरून ठेवलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी, डॉक्टर-रिपोर्टसकट, त्यांना ते पटवून दिलं होतं. त्यांचा प्रत्येक अवयव तपासला. सायकल तपासायला दहा मिनिटं लागली असती.

आता खरं काय ते सांगतो. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. एक दिवस असा येईल की हँडल उत्तम फिरत असेल, छर्रे ग्रीसमध्ये पोहत असतील आणि तरी ते पडतील. तेव्हा सायकल बंद करावीच लागेल, आणि ते त्यांना सांगायचं काम माझ्याच वाट्याला येईल. पण ते सांगायच्या आधी मी चाक उचलून बघणार आहे.

सध्या ते रोज सांगलीवाडीपर्यंत जातात, स्वतःच्या मापाचं हेल्मेट घालून. मी दर महिन्याला गेलो की पहिल्यांदा वाटीच्या कडेला बोट लावून ब्रेक दाबतो. आत्तापर्यंत काही हललेलं नाही.

परवा फोन आला. "अरे, चेन जरा आवाज करतीय बघ."

मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "कधीपासून? पायडल मारताना येतो का सोडल्यावर?"